आकाशपाळण्याचे जाणकार

राजाजीनगरात आमचं कापडाचं दुकान होतं आणि दर रविवारी सकाळी तिथं तीन माणसं बसून एका पार्काची काळजी करायची. पार्क त्यांचा नव्हता. त्यांच्या बापाचाही नव्हता. होसूर रस्त्याला, बोम्मसंद्र्याच्याही पुढं, रंग उडालेलं एक गेट, आत एक झुकझुक गाडी, हेलकावे खाणारी होडी, डॅशिंग कार आणि एक उंच आकाशपाळणा, एवढंच ते प्रकरण. वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या कन्नड राज्योत्सवाच्या सुट्टीला, आम्ही टेम्पो करून तिथं जायचो. उरलेलं वर्षभर हे तिघं त्यावर बोलायचे.

तिघांतले एक माझे वडील, अण्णा. दुसरे बँकेतले काका, अण्णांचे चुलतभाऊ. तिसरे पुण्याहून आलेले आमचे शेजारी, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. आमचं घराणं या कन्नड मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं, त्यामुळं आमच्या मराठीत निम्मं कन्नड. पुणेकरांच्या मराठीत निम्मं इंग्रजी. तरी वाद घालताना कुणाचं काही अडलं नाही, कारण ऐकत कुणीच नव्हतं.

"हात लावू नये त्याला," अण्णा म्हणायचे. "आहे तसं राहू दे. नवं करायला गेले की वाटोळं."

"असं कसं? अपग्रेड नको का करायला?" पुणेकर उसळायचे. "वॉटर स्लाइड आणा, वेव्ह पूल आणा. नाहीतर क्राउड येणार कुठून?"

"क्राउड नकोच," बँकेतले काका. "आधीच कोण कोण यायला लागलंय. पूर्वी कशी आपल्यासारखी माणसं असायची!" आणि पाचच मिनिटांनी हेच काका सुस्कारा टाकून म्हणायचे, "ओस पडत चाललाय हो पार्क." एकाच कपातली कॉफी संपायच्या आत गर्दी वाढल्याचं आणि गर्दी घटल्याचं, दोन्ही दुःखं करणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

आकाशपाळण्यावर मात्र तिघांचं एकमत. अण्णा डोळे मिटून सांगायचे, "काही येऊ दे नवीन, त्या पाळण्याची सर नाही कशाला. माणूस परत परत जातो तो त्याच्यासाठी." आता गंमत ऐका. या तिघांपैकी एकही जण त्या पाळण्यात कधी बसला नव्हता. पुणेकरांना पाठीचा त्रास, काकांना रांगेचा तिटकारा, आणि अण्णा दरवेळी "आत्ताच जेवलोय." खाली उभं राहायचं, माना वर करायच्या आणि मतं द्यायची. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. हे तर उंटावरही चढले नव्हते.

दुकानामागंच आमचं घर. तिथं या सभेसाठी दोन-दोनदा कॉफी करणाऱ्या बाईला पार्काबद्दल कुणी काही विचारलं नाही. ती माझी आई.

खरं तर पार्क सगळ्यांत जास्त बघितला होता तिनंच, तोही एकाच जागेवरून. गेटच्या आत होंगेचं एक झाड होतं, म्हणजे आपलं करंजाचं. त्याखाली जमखाना अंथरायचा, त्यावर डबे मांडायचे: पुऱ्या, बटाट्याची भाजी, चित्रान्न म्हणजे लिंबाचा भात, दहीभात, शेंगदाण्याची चटणी. आणि आईनं छत्री हातात घेऊन तिथं बसायचं, कारण पार्कात माकडं फार. पहिल्या वर्षी ती माझ्याबरोबर पाळण्याच्या रांगेत उभी राहिली होती. आमच्या पुढं चारच माणसं उरली असताना अण्णांची हाक आली, "अगं, डब्यांपाशी कोण आहे?" ती निघून गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या वर्षी बसू."

अशी सहा पुढची वर्षं गेली.

मीही काही सोज्वळ नव्हते, सांगून टाकते. पाळण्यातून उतरायचं, पळत येऊन दोन पुऱ्या तोंडात कोंबायच्या आणि परत पळायचं. आई विचारायची, "वरून काय दिसतं गं?" मी तोंडातला घास न गिळता म्हणायची, "काही नाही गं, कारखान्याच्या चिमण्या." दर वर्षी तिचा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. लाज वाटते आता.

मी सोळा वर्षांची झाले त्या वर्षी पुणेकर बातमी घेऊन आले. पार्कवाले आकाशपाळणा काढणार होते. त्या जागी पाण्याच्या घसरगुंड्या. राज्योत्सवापर्यंत पाळणा चालेल, मग भंगारात. आणि दुसरं म्हणजे, आता बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी.

काय तो आकांत! पाळणा जाणार याचं दुःख एक रविवार टिकलं. चित्रान्न आत जाणार नाही याचं तीन रविवार. नव्याचे भक्त पुणेकरसुद्धा म्हणाले, "हे टू मच आहे हं. वहिनींच्या पुऱ्यांशिवाय पार्क म्हणजे काय?" तिघांनी व्यवस्थापकाला पत्र लिहायला घेतलं. 'आम्ही आपल्या पार्काचे जुने चाहते' अशी सुरुवात झाली. पुढं, पत्र इंग्रजीत असावं की कन्नडमध्ये, आणि पहिली सही कुणाची, यावर जे अडलं ते अडलंच. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

त्या दिवशी आई कॉफीचे पेले उचलायला आली आणि उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "डबे न्यायचे नाहीत, म्हणजे राखायलाही कुणी नको. यंदा मी पाळण्यात बसणार."

अण्णा म्हणाले, "सरी, सरी, बरं. बस की. नको कोण म्हणतंय?"

तिनं ते खरं मानलं. आठवडाभर मला विचारत होती, पदराला किती पिना लावू, वर वारा फार असतो का, डोळे मिटले तर चालतं का. मी वैतागायची. पण ती कपाटातून हिरवी साडी काढून दोनदा इस्त्री करताना दिसली, तेव्हा गप्प झाले.

आणि आदल्या दिवशी अण्णांनी युक्ती काढली. केवढी ऐट त्या युक्तीची! डबे आत नेऊ देत नाहीत ना? मग टेम्पोतच ठेवू, दुपारी बाहेर येऊन जेवू. झालं, आई पहाटे उठून पुऱ्या तळायला लागली. तिथं पोचलो तर आमचा टेम्पो उघडा, आणि गेटबाहेरच्या भिंतीवर सात-आठ माकडं ओळीनं बसलेली.

अण्णा आपल्या तिघांचीच तिकिटं काढून आले आणि आईला म्हणाले, "तू स्वल्प इथंच बस. आम्ही आत जाऊन गर्दी किती आहे बघून येतो."

स्वल्प! म्हणजे थोडा वेळ. सहा वर्षांत हा थोडा वेळ काही संपला नव्हता. तिघं गेले. जाताना पुणेकर म्हणत होते, "बघा, पार्किंगवरून क्राउडचा अंदाज येतोच." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "आई, तू जा, मी बसते."

"तू कशाला बसायचंस?" ती म्हणाली. "आज तू बसशील, मग उद्या तूच बसशील." तिनं पिना लावलेला पदर उगाच सारखा केला. मग एकदम उठली आणि मोठा डबा उघडला. "पत्रावळी काढ," म्हणाली.

मला वाटलं, हिला भूक लागली. पण तिनं आधी टेम्पोवाल्याला वाढलं. मग गेटवरच्या पहारेकऱ्याला हाक मारली, "ऊटा आयता?" जेवण झालं का म्हणून. तो नको नको म्हणत आला आणि चार पुऱ्या खाऊन गेला. शेंगा विकणारी अक्का तिच्या दोन मुलींना घेऊन आली. तिकीट मिळायची वाट बघत उभं असलेलं एक कुटुंब आलं, आजोबांसकट. आई वाढत होती आणि लोक जेवत होते. "अजून घ्या, संपवायचंच आहे." मी चटणी वाढता वाढता हसत सुटले. अर्ध्या तासात चित्रान्नाचं शीतसुद्धा उरलं नाही. आईनं डबे पुसले, एकात एक घातले आणि टेम्पोवाल्याकडं दिले.

"आता राखायला काय आहे?" ती म्हणाली. "चल." पिशवीतून पैसे काढून तिनं दोघींची तिकिटं घेतली.

पाळण्याला रांग मोठी होती. शेवटचे दिवस म्हणून लोक लोटलेले. आम्ही बसलो. वर जाताना तिनं माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. सगळ्यांत वर पाळणा थांबला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि ती बघत राहिली. मी या वेळी चिमण्या दाखवल्या नाहीत.

उतरलो तर खाली तिघं उभे. भुकेले. टेम्पोपर्यंत जाऊन आले होते.

"वहिनी, डबे?" बँकेतल्या काकांचा आवाज रडवेला झाला होता.

"वाटले," आई म्हणाली. मग अण्णांकडं वळली. तिचे गाल लाल झाले होते. "अहो, एवढंच होतं? पाच मिनिटांचं काम. यात नाही म्हणण्यासारखं होतं तरी काय?"

एरवी पार्काच्या प्रत्येक खिळ्यावर मत असणारे अण्णा चपलेनं माती उकरत राहिले. आईनं खांद्यावरची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. "ही स्वल्प धरा. मी परत बसून येते." आणि एकटीच रांगेत जाऊन उभी राहिली.

काका आणि पुणेकर कँटीन शोधायला गेले. अण्णा पिशवी छातीशी धरून तिथंच थांबले. हिरवी साडी रांगेत पुढं पुढं सरकली, पाळण्यात बसली, वर वर जायला लागली. अण्णा मान वर करून बघत होते. बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता, हळूच त्यांनी विचारलं, "वरून काय दिसतं गं?"

"आईला विचारा," मी म्हटलं.