आधी तिचे पान

घरातली सगळी जेवेपर्यंत बाईने उपाशी राहावे, हा नियम कोणी केला: जेवणाऱ्यांनी की उपाशी राहणाऱ्यांनी?

रत्नागिरीच्या बंदरावर मुंबईच्या बोटीची वाट पाहताना मला पन्नाशीची एक बाई दिसली. तिने फडके सोडले, नाचणीची भाकरी ताकात कुस्करली आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या आधी खुशाल जेवू लागली. मधूनच ती पदराने मानेवरचा घाम टिपत होती.

"नवरा उपाशी नि तू खातेस गो?" पलीकडची म्हातारी फणकारली.

बाई खळखळून हसली. "विटाळ गेला नि अंगात चूल पेटली, आजये! उपाशी राहिलं की जास्तच भडकते. गेल्या साली भोवळ येऊन पडले. आता मिरची नि चहा सोडला, आंबील पिते, वेळेवर जेवते. सगळं नाही गेलं, पण रात्री झोप लागते. लेकीच्या बाळंतपणाला चाललेय. तिथं मीच आडवी झाले तर तिचं कोण करील?"

"हिचं जेवण होऊ दे, मग मी जेवतो," नवरा म्हणाला आणि टोपी काढून तिला वारा घालू लागला.

म्हातारी थोडी जवळ सरकली. "माझ्या सुनेचंही असंच होतं. आंबील कशी करतेस गो?"

स्त्रियांच्या हक्कांवरची पत्रके मी पुष्कळ वाचली होती. त्यातला एक हक्क कोणाला ताकात कुस्करून खाताना मात्र पहिल्यांदाच पाहिले.

वाचकांनो, आज तुमच्या आईचे पान आधी मांडा, आणि तिचे जेवण होईपर्यंत तुम्ही थांबा.