सुबाभळीचा दोरा

आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत, कुणी न लावता उगवलेल्या सुबाभळीला वटपौर्णिमेच्या सकाळी पांढरा दोरा गुंडाळलेला दिसला. बुंध्याशी हळदकुंकू आणि दोन आंबे. शेजारच्या मंदावहिनी ताट सावरत म्हणाल्या, "जवळपास वड उरलाय कुठे? इथं निदान फेऱ्या घालायला जागा आहे."

चारच दिवसांनी पालिकेची माणसं ते झाड तोडायला आली. सुबाभूळ परकी, तिच्या बियांनी टेकड्या व्यापल्या, दुसऱ्या झाडांना ती जागा ठेवत नाही, हे सगळं खरंच आहे. करवत लावण्याआधी त्यांच्यातल्या एकानं दोरा उलगडला, त्याची नीट गुंडाळी केली आणि भिंतीवर ठेवली. "बायांचा आहे, तुटायला नको," एवढंच म्हणाला.

ही सुबाभूळ तोडलेली मी तिसऱ्यांदा पाहिली. पावसाच्या दोन सरी झाल्या आणि खुंटाला पुन्हा हिरवे कोंब फुटले. मी मंदावहिनींना ते दाखवले. भिंतीवरची गुंडाळी हातात घेऊन त्या कोंबांशी वाकल्या.

मग म्हणाल्या, "सात जन्म मागायचे तर हिच्याकडेच मागायला हवेत. वड कधी असा मरून परत आलाय का?"