घाट लागला की डबा उघडतो

फोनची मेमरी भरली की आम्ही फोटो उडवतो, पण किस्से काही उडत नाहीत. चार जण जमले की जुनाच किस्सा नव्याने सुरू, आणि दर वेळी त्यात एखादी पुरी वाढलेली!

आमचा मुलुंडचा मॉर्निंग वॉकचा ग्रुप. वॉक कमी, बाकड्यावर बसणं जास्त. दर पावसाळ्यात एक ट्रिप ठरलेली: ठाण्याला गाडी पकडायची, काचेच्या छताच्या बोगीत बसून घाट बघत पुण्याला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पुण्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही!

एकदा टीसीने विचारलंच, "सगळे पुण्याला? लग्नबिग्न आहे का?"

"नाय ओ," तावडेकाका म्हणाले.

"मग पुण्यात कुठे जाणार?"

"प्लॅटफॉर्म बदलणार."

*

हे तावडेकाका मूळचे मालवणचे, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. बोगदा आला की लहान पोरासारखे "ऊऊऊ" करून ओरडतात. का, ते विचारू नका! एकदा बोगदा लवकर संपला, पण काकांचा श्वास काही संपेना. अख्खी बोगी वळून बघतेय आणि काका डोळे मिटून चालूच.

शेवटी ग्रुपमधल्या शीतलने त्यांच्या खांद्यावर हलकेच टॅप केलं. "काका, उजेड झाला."

काकांनी डोळे उघडले, समोरच्या अनोळखी बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "बोगदो कमी पडलो!"

*

तावडेकाकूंचा प्रॉब्लेम वेगळाच. कर्जत सुटलं की घाट लागतो आणि घाट लागला की काकूंचा डबा उघडतो, हा आमचा नियमच. इडल्या, चटणी, तिखट पुऱ्या. आम्ही सगळे खिडक्यांना चिकटलेले आणि काकू मधल्या वाटेत उभ्या राहून वाढतायत!

"काकू, धबधबा! बघा, बघा!"

"बघते रे. आधी सांग, चटणी सुकी की ओली?"

सांगेपर्यंत बोगदा. परतीला तर काळोखच असतो. दर वर्षी हेच.

*

उपाय म्हणून आमच्या कांबळेने अख्ख्या घाटाचा व्हिडिओ काढला, खास काकूंसाठी. बाकड्यावर बसून सगळ्यांनी बघितला. काचेत कांबळेचंच प्रतिबिंब! दरीवर टक्कल, ढगांवर टक्कल, आणि धबधबा बरोबर टकलावरून खाली.

काकूंनी तो शेवटपर्यंत बघितला. "छान आलायस रे तू," म्हणाल्या.

मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मला एकदा तो धबधबा नीट बघायचाय रे. बसून. गुडघे हे असे, अजून किती वर्षं जमणार?"

खरं सांगते, जाम वाईट वाटलं. तिथल्या तिथे शपथ घेतली: लोणावळा येईपर्यंत कोणी खायचं नाही! सगळ्यात मोठ्या आवाजात काकांनी घेतली. आणि पुढच्या ट्रिपला नेरळ यायच्या आधीच "मी फक्त वास घेतो" म्हणत झाकण उघडलं, तेही काकांनीच. वाट लागली शपथेची! घाटात काकू पुन्हा उभ्या.

*

यंदा काकू शपथेबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. नेहमीची फुगलेली पिशवी काकांच्या हातात दिली आणि गाडीत चढल्या.

"पिशवी आज हलकी लागता गो," काका म्हणाले.

"तुमची ताकद वाढली असेल."

काका खूश! पिशवी एका बोटावर झुलवत अख्ख्या बोगीतून मिरवत आले.

कर्जत सुटलं. काकू खिडकीशी बसल्या आणि पिशवी उघडली. आम्ही पेपर प्लेटा धरून तयार. काकूंनी आतून एक उशी काढली, पाठीशी लावली, आणि रिकाम्या पिशवीची घडी करून मांडीवर ठेवली.

धुकं जरा बाजूला झालं आणि समोर धबधबा, कड्यावरून थेट खाली! काकू काचेला नाक लावून बघत होत्या.

"अगो," काका हळूच म्हणाले, "इडली खंय आसा?"

"मुलुंडला."

"आणि चटणी?"

"सुकी की ओली?" काकूंनी मान न वळवता विचारलं.