कूलरखालची वही

भांडण दाराआडून ऐकलेलं, पण चावीबाईला ते शेवटपर्यंत तोंडपाठ होतं. हातात चहाचा ट्रे. आत नगरपालिकेच्या अध्यक्षीणबाई आणि इंजिनियर साहेब, दोघांचेही आवाज चढलेले.

साहेब म्हणत होते, “तळ्याच्या चारही बाजूंना दगड लावायचा म्हणजे लावायचा! तो मातीचा कडा म्हणजे गावाच्या तोंडावरचा फोड आहे.”

“आणि त्या कड्यातल्या बिळांत खंड्या पिल्लं काढतो, त्याचं काय?”

“कुठे लिहिलंय तसं? गावातली झाडं-पाखरं नोंदवायला सरकारने वही दिली होती ना? तिच्यात एक ओळ दाखवा, मी दगड परत पाठवतो. ओळ राहू द्या, आधी वही तरी दाखवा!”

वही कुठे आहे, ते अख्ख्या इमारतीत एकट्या चावीबाईला माहीत होतं.

चावीबाई नगरपालिकेची शिपाईबाई. सगळ्या कपाटांच्या चाव्या कमरेला, म्हणून हे नाव. शाळा दुसरीपर्यंत, तीही दांड्या मारत. चार वर्षांपूर्वी व्हरांड्यातला पाण्याचा कूलर एका पायाने लंगडत होता. कपाटात एक जाडजूड वही सापडली, आतली पानं कोरी. कोणाच्या कामाची दिसत नाही म्हणून तिने ती त्या पायाखाली सरकवली. कूलर गुमान उभा राहिला, सगळ्यांनी तिला शाबासकी दिली.

आता बोलावं तर नोकरीवर गदा, न बोलावं तर कडा जाणार. लहानपणी आई त्या कड्याशी कपडे धुवायची. निळं पाखरू मासा घेऊन बिळात शिरलं की म्हणायची, “बघ, घरधनी बाजार करून आला.”

चावीबाईने चहा दिला, बाहेर येऊन कूलरला खांदा लावला, वही ओढली आणि पदराने पुसत थेट अध्यक्षीणबाईंच्या टेबलावर ठेवली. पुठ्ठ्यावर पायाचा गोल ठसा उमटलेला.

“कुठे होती ही?”

“कामावरच होती, बाईसाहेब. कूलरखाली. मीच ठेवली, काय शिक्षा द्यायची ती द्या.”

इंजिनियर साहेब खोखो हसले. अध्यक्षीणबाईंनी पानं उलटली. “या वहीसाठी नेमलेल्या समितीत सात जण, चार वर्षांत बैठक एक. शिक्षा कोणाकोणाला देऊ? सभा आठ दिवसांवर आहे. जा, ही भरून आण.”

“मी?”

“रोज बघणारं माणूस समितीत एकही नाही.”

मग काय, चावीबाईने कारकुनाला धरलं. तो कुरकुरला, “मावशी, माझी जेवणाची सुट्टी आहे ही!”

“डबा घ्या की बरोबर. आणि अक्षर नीट काढा, कोंबडी नाचल्यासारखं नको.”

धोब्याने कोणती बिळं दरवर्षी नवी होतात ते सांगितलं. तळ्याच्या पंपावरच्या म्हाताऱ्याने पाणी कधी कुठवर चढतं ते सांगितलं. जाळं टाकणाऱ्या बाईने माशांची एकोणीस नावं एका दमात म्हटली, कारकून चौथ्यालाच अडकला. सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. चावीबाईने स्वतःचं नाव सावकाश, जीभ दातांत धरून लिहिलं. बिळं निघाली अकरा.

सभेच्या आदल्या दिवशी इंजिनियर साहेब खात्री करायला कड्यावर आले. बराच वेळ काही नाही. साहेब घड्याळ बघायला लागले, एवढ्यात निळा झपाटा आला, चोचीत मासा, आणि सरळ बिळात.

“एकच तर आहे!”

“साहेब, तुमच्या घरी तरी भाजी आणायला सगळे एकदम जातात का?”

साहेब हसले नाहीत. पण सभेत उठून त्यांनीच सांगितलं, “तीन बाजूंना दगड लावू. उत्तरेचा बिळांचा कडा राहू द्या.” दोन सभासदांनी आदळआपट केली, तरी ठराव झाला. विणीच्या दिवसांत त्या कड्याला कुदळ लावायची नाही आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी वहीत नोंद करायची. नोंद कोण करणार विचारल्यावर सगळे छताकडे बघायला लागले.

“कपाटाची चावी माझ्याकडेच आहे,” दारातून चावीबाई म्हणाली.

त्याला नऊ वर्षं झाली. सून चिडवायची, “आई, पाखरांची हजेरी घेता, आमची कधी घेणार?”

“तुम्ही कुठे उडून जाताय?”

निवृत्तीचा दिवस महिन्याचा शेवटचाच निघाला. सभागृहात भाषणं चाललेली. अध्यक्ष आता दुसरे होते आणि ते आवरतं घेत नव्हते. साडेतीन वाजले तशी चावीबाई खुर्चीवरून उठली.

“अहो मावशी, तुमचाच निरोप चाललाय!” कारकून कुजबुजला.

“चालू द्या. मी आलेच.”

वही काखेत घेऊन ती कड्यावर गेली. मागच्या नोंदीतलं एक बीळ ढासळलेलं, दोन नवी. पुन्हा एकदा मोजली. तारीख लिहिली, खाली ‘बारा’ लिहिलं, सही केली. परत येऊन पुठ्ठ्याची माती पुसली आणि वही कपाटात ठेवली. कूलरखाली वहीच्या जागी बसवलेली लाकडी पाचर पायाने आत दाबली. मग कपाटाला कुलूप घालून ते दोनदा ओढून बघितलं.