परतकाका आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार

परतकाकांचं इस्त्रीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आणि घर गल्लीच्या शेवटी. रमतगमत गेलं तरी चहा गार व्हायच्या आत माणूस घरी पोचावा. पण काकांना घरी पोचायला एकेकाळी अख्खी संध्याकाळ लागायची. शटर ओढून चार पावलं टाकली की त्यांना वाटायचं, इस्त्री चालू राहिली. मग परत. शटर वर. बटण बंद, प्लग काढून टेबलावर ठेवलेला, इस्त्री थंडगार. शटर खाली. चपलांच्या दुकानापर्यंत पोचलं की पुन्हा तेच. प्लग काढलेली इस्त्री पेट घेत नाही, हे काकांना तुमच्याआमच्याइतकंच कळतं. पण कळून काय उपयोग! एकदा वैतागून त्यांनी इस्त्रीच पिशवीत घालून घरी आणली, तर जेवताना शंका आली की शटरला कुलूप लावलं का. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव परतकाका पाडलं, आणि आता बायकोलासुद्धा खरं नाव आठवायला थोडा वेळ लागतो.

काकू बिचाऱ्या रोज ओरडायच्या, "अहो, मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय, बंद आहे!" काका मान डोलवायचे आणि चपला घालायचे.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, काही सराव दिले, त्याने बराच उतार पडला. उरलेल्यासाठी त्यांनी काकांना मंडळात धाडलं. हे मंडळ दर गुरुवारी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरतं. नाव बिघाड मंडळ, आणि ते सभासदांनीच मोठ्या कौतुकाने ठेवलेलं आहे. ज्याचं डोकं एकदा तरी रुळावरून घसरलंय त्यालाच आत प्रवेश. पहिल्या गुरुवारी काकू सोबत गेल्या तर त्यांना खाली सायकलवाल्याच्या बाकड्यावर बसवलं. "यांच्यामुळे माझं डोकं फिरलंय ते काय कमी आहे?" असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच गैरलागू नव्हता.

मंडळ चालवतात कुकरबाई. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांचा आजार वरच्या पट्टीतला, उन्मादाचा. एकदा भरात आल्या तेव्हा स्वतःला भात आवडत नसताना दुकानातले सगळे कुकर उचलून घरी आणले होते. हे त्या स्वतःच हसत सांगतात, आणि नव्या माणसाचा अर्धा संकोच तिथेच पळतो. मंडळात उपदेशाला सक्त बंदी. "मन रमवा" असं कोणी म्हणालं तर त्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या.

मंडळाची एक भलतीच रीत होती. गुरुवारी उठताना प्रत्येकाने आपली काळजी आठवडाभरासाठी दुसऱ्याकडे सांभाळायला द्यायची. काकांची इस्त्री असायची ड्रायव्हरकडे. हा बसचालक, चाळिशीतला, एकटा राहणारा. त्याला उदासीचा आजार. "उद्या उठून करायचं काय" ही त्याची काळजी काकांकडे. डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "चालू द्या, गोळ्या मात्र ज्याच्या त्यानेच घ्यायच्या."

काकांचा जीव जडला तो ड्रायव्हरच्या एका वाक्यावर. सगळं जग सांगत होतं, इस्त्री बंद आहे. हा म्हणाला, "काका, चालू असेलही. खात्री वाटणारच नाही. पण आता ती कटकट माझी आहे, तुम्ही जेवा." काकांना त्या दिवशी रडूच आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना खोटं पाडलं नव्हतं.

आणि हाच ड्रायव्हर मंडळात यायचा बंद झाला. पहिल्या गुरुवारी वाटलं, ड्यूटी असेल. मग त्याच्या थोरल्या बहिणीचा कुकरबाईंना फोन आला. तो कामावर जात नाही, दार उघडत नाही, आतूनच "जेवलो, तू जा" म्हणतो. मागच्या वेळी असाच गप्प झाला होता आणि मग त्याने जिवाचं नको ते करून घेतलं होतं. थोडक्यात वाचला. बहीण म्हणाली, आज दुपारची डॉक्टरांची वेळ घेतलीय, पण तोवर कोणीतरी जा हो, माझ्याच्याने आता ते दार बघवत नाही.

कुकरबाईंनी हे कळवताच काका शटर ओढून निघाले. अर्ध्या रस्त्यातून परत फिरले, इस्त्री बघितली आणि पुन्हा निघाले. उगाच कशाला लपवायचं?

ड्रायव्हर तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. काकांनी धापा टाकत दार वाजवलं.

"मी आहे रे, परतकाका. काही सांगायला आलेलो नाही."

आतून आवाज आला, "काका, तुम्ही जा."

"बरं," म्हणून काका निघाले. शहाणी माणसं अशा वेळी दारात ठाण मांडतात, समजुतीच्या चार गोष्टी सांगतात. काका खरंच जिना उतरले. तळाशी पोचले आणि शंका आली. 'जा' म्हणाला की 'या' म्हणाला? काका परत वर.

"तू 'जा' म्हणालास ना?"

"हो."

"बरं."

खालच्या पायरीवर दुसरी शंका. परत वर.

"तो आवाज तुझाच होता ना?"

"नाही, घरमालकाचा," आतून उत्तर आलं.

काका उतरले. मग त्यांना गॅस आठवला. हे तर त्यांच्या खास खात्यातलं. गुडघे धरत ते वर आले.

"गॅस बंद आहे ना?"

"किती दिवसांत पेटवलाच नाही. काका, जा हो. पडाल एखाद्या वेळी."

"मग काय करू?" काकांचा तोल सुटला. "माझी इस्त्री तुझ्याकडे होती. तू येईनास, ती माझ्याकडे परत आली. तुझंही ओझं माझ्याकडेच. दोन-दोन काळज्या घेऊन हा जिना चढतोय, मी काय हमाल आहे?"

काका वाट पाहून उतरले, आणि उतरतानाच त्यांना वाटलं की आपण फार बोललो, माफी मागायला हवी. ते वर पोचले तेव्हा कडी वाजली.

ड्रायव्हर दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल, शर्ट असा की इस्त्रीवाल्याला बघवू नये.

"चला," तो म्हणाला. "दुकानात सोडतो तुम्हाला. एकटं सोडलं तर संध्याकाळपर्यंत याच जिन्यात राहाल."

रस्त्यावरच्या उन्हाने तो थबकला. काका नुसते थांबले. पावलं परत फिरू बघतात तेव्हा कसं वाटतं ते त्यांना ठाऊक होतं. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरनेच पाऊल टाकलं. दुकानात काकांनी त्याला स्टुलावर बसवलं, शर्ट उतरवून घेतला आणि पाणी शिंपडायला सुरुवात केली.

तेवढ्यात कुकरबाईंकडून दुकानाचा पत्ता घेऊन बहीण धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बनियनवर बसलेला भाऊ दिसला तशी तिने हातातली पिशवी त्याच्या पाठीत हाणली आणि ढसाढसा रडायला लागली.

"दार सताड उघडं टाकून गेलास! घरात कोणी नाही! मी काय समजायचं रे?"

काकांचा एक पाय चपलेत गेलाच होता.

"बसा तुम्ही! कुलूप लावून आलेय मी!"

"ओढून बघितलंत?" काकांनी हळूच विचारलं.

ड्रायव्हर हसला. हसू फार टिकलं नाही. मग तो बहिणीचा हात धरून खाली बघत बोलला.

"ताई, डॉक्टरांकडे आजच जाऊ. सकाळपासून वाईट विचारच डोक्यात होता. जवळजवळ ठरलंच होतं. पण दर वेळी शेवटाला आलो की हे काका दार वाजवायचे. नीट विचारच करू देईनात."

बहिणीने काकांकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली, शर्टाची कॉलर ताणून धरली आणि तिच्यावर इस्त्री फिरवली.

"मी अजून एकदा येणारच होतो," ते म्हणाले.