बारावा झगा

चर्चच्या गायनमंडळाचे झगे शिवणारी मावशी नमुन्याच्या बाबतीत फार कडक. जुना कपडा नमुना म्हणून नेलात, की आधी तो समोर टांगते आणि अशी बघत बसते, की कपड्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. मग म्हणते, "जसा हा, तसाच हवा ना? मग मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही."

यंदा गायनमंडळाच्या मास्तरांनी अकरा झगे सांगितले. मावशीनं बोटांवर माणसं मोजली.

"बारा होतात."

"टेम्पोवाला धरू नका."

पूर्वी गायनमंडळात गाणाऱ्या या टेम्पोवाल्यानं दोन वर्षांपूर्वी दारूच्या नशेत टेम्पो सरळ एका दुकानात घातला होता. काउंटर, शिलाई मशीन आणि मालकिणीचा उजवा पाय, तिन्ही एका दमात मोडले. तो तुरुंगात जाऊन आला, दारू सोडली, आणि आता चर्चमध्ये खांबाआड बसायचा. दुकान मावशीचंच होतं.

"अहो, तुमच्यासाठीच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले.

"माझ्या पायाचं वकीलपत्र तुम्हाला कुणी दिलं?"

"म्हणजे माफ केलंत त्याला?"

"जिना चढताना रोज शिव्या घालते. पहिल्या मजल्यापर्यंत शिव्या, दुसऱ्यापर्यंत त्याच्यासाठी प्रार्थना. पण देवानं आपल्यावर केली तशी प्रीती एकमेकांवर करायची आहे ना? 'तशी'! नमुना समोर टांगलाय, मास्तर. त्याची एक बाही कापायची, हे तुमचं डोकं."

टेम्पोवाला माप द्यायला येईना. शेवटी मावशीच गळ्यात टेप टाकून लंगडत स्टँडवर गेली. तिला बघून तो टेम्पोखाली शिरला.

"बाहेर ये, मेल्या! मला वाकता येत नाही, तुझीच कृपा!"

चार ड्रायव्हरांदेखत तिनं त्याची छाती मोजली.

"मावशी, माझी लायकी नाही हो."

"ती मोजायला टेप नाही माझ्याकडे. पोट आत घेऊ नकोस."

रविवारी बारा झगे आले. मास्तर पेटीवर बसले आणि म्हणाले, "हा उभा राहिला, तर मी सूर देणार नाही." पाळकसाहेब चष्मा पुसू लागले, अवघड प्रसंगी त्यांचा चष्मा हटकून मळतो. टेम्पोवाला झग्याची बटणं काढू लागला.

"हात लावून तर बघ!" मावशी बाकावरून उठली. "नका देऊ सूर, मास्तर. मी देते."

आणि तिनं गीत सुरू केलं. आता, मावशीचा टाका कितीही सरळ असला, तरी गळा म्हणजे उसवलेली शिवण. पहिल्या ओळीला पोरं खिदळली. मावशी थांबेना. काठी आपटून तिनं ताल धरला, तोही चुकीचा. गायनमंडळातली सर्वांत म्हातारी बाई टेम्पोवाल्याला खेटून उभी राहिली आणि मावशीमागोमाग गाऊ लागली. मग एकेक करत सगळेच, ज्याला जो सापडला त्या सुरात. मास्तरांनी देवाचा कोप सोसला असता, हे नाही. दात-ओठ खात त्यांनी पेटीवर बोटं टेकली.

सूर सापडला. टेम्पोवाला मात्र नुसताच तोंड उघडून उभा, डोळ्यांना धारा.

"रडायला घर आहे," मावशी ओरडली. "गा!"

तो गायला. त्याचा आवाज भरडा, वरच्या पट्टीत पोचेना. पुढच्या कडव्याला मास्तरांनी, मान वर न करता, पट्टी खाली उतरवली.