अमृतसर ते शीळफाटा

सायकलवरून लांबच्या प्रवासाला गेलेली माणसं परत आली की पहिल्या दिवसाचं भरभरून सांगतात. कुठे धुकं होतं, कुठे कुत्री मागे लागली, कुठल्या ढाब्यावर फुकट पराठे मिळाले. शेवटच्या दिवसाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी बोलणार आहे. कारण त्या दिवशी जी बाई सायकल चालवत होती ती किती मूर्ख होती, हे लिहून ठेवायला माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. ती तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. म्हणजे कोवळीच. मी आता एकाहत्तर पूर्ण केली आहेत, तेव्हा तिला नावं ठेवायचा मला अधिकार आहे.

आम्ही तिघं होतो. ठाण्यातलं एक निवृत्त जोडपं, खोपटला राहणारं, आणि मी. अमृतसरहून निघालो, राजस्थान-गुजरात करत घरी. जवळजवळ दीड महिना. नियम एकच: पूर्ण अंतर पायडल मारूनच काटायचं. पाय दुखला तर थांबायचं, पण टेम्पोत बसायचं नाही. हा नियम कुणी लादला नव्हता. आमचा आम्हीच केला होता आणि उपासाच्या नियमासारखा पाळत होतो. वसईपर्यंत आलो तेव्हा माझ्या दोन्ही करंगळ्या बधिर झाल्या होत्या, बसायची जागा सांगण्यासारखी राहिली नव्हती, आणि डोक्यात अभिमान असा मावत नव्हता की हेल्मेट घट्ट होऊ लागलं होतं.

घरी ताई होती. माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, डोंबिवलीत स्वतःचं घर घेतलं. माझे यजमान गेल्यावर मी तिच्याकडेच राहायला आले. तिची फुफ्फुसं थकली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुरघुरत असायचं आणि ताई नळी लावून पेपर वाचायची. डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "महिने आहेत का आठवडे, मला विचारू नका. पण लांब जाऊ नका."

तरी मी गेले. विठ्ठलवाडीहून येणारी एक चांगली बाई ठेवली, दिवसा आणि रात्रीही राहील अशी. निघताना ताईला म्हटलं, "तू जायच्या आत मी परत येते."

ताई म्हणाली, "थांबते मी. पण फार लांबण लावू नकोस, मला वाट बघायचा कंटाळा आहे."

म्हणजे बघा, शर्यत कशाची होती ते आम्हा दोघींनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. ती पहिल्यांदा विचारायची, "आज किती?" मी किलोमीटर सांगायचे. ती मनातल्या मनात वजाबाकी करायची आणि उरलेले सांगायची. तिचा आकडा नेहमी बरोबर असायचा. तिचा आवाज मात्र रोज थोडा थोडा आत जात होता, आणि ते ऐकू येऊनही मी ऐकत नव्हते.

शनिवारी वर्सोव्याचा पूल ओलांडून आम्ही घोडबंदर रोडला लागलो. पंजाबात धुक्यात ट्रक अंगावर आले, राजस्थानात वारा तोंडावर आला, पण गायमुखच्या चढावर जसा जीव मेटाकुटीला आला तसा कुठेही नाही. मेट्रोचे खांब, खणलेले रस्ते, सिमेंटचे डंपर, आणि गाड्यांची अशी रांग की पुढची गाडी कधी हलली हे मागच्याला आठवत नसावं. आम्ही सायकली फटीफटीतून काढत होतो. एका गाडीतल्या बाईनं काच खाली करून मला विचारलं, "आजी, कुठून आलात?" मी म्हटलं, "अमृतसर." तिनं काच वर केली. मी थट्टा करतेय असं वाटलं असणार.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही खोपटला त्यांच्या इमारतीखाली पोचलो. त्या दोघांचा प्रवास तिथे संपला. शेजाऱ्यांनी लिफ्टच्या दारात ओवाळलं, तोंडात पेढा कोंबला. माझे पंचवीस किलोमीटर उरले होते. कळवा, मुंब्रा, शीळफाटा, मग घर. दोन तासांचा रस्ता. चहा घेऊन निघायचं, चारच्या आत ताईसमोर उभं राहायचं, असं ठरलं होतं.

तेवढ्यात आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला.

"काकू, कुठवर आलात?"

"ठाण्यात."

"अय्या! आज कशा? उद्याचं ठरलंय ना सगळं! दहा वाजता गेटवर स्वागत, आमदारसाहेब येणारेत, फ्लेक्स लागलाय, ढोलवाली मुलं सांगितलीत. आज नका हं येऊ!"

इथे डोंबिवलीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की सत्कार, पंचाहत्तरी झाली की सत्कार, मुलगा परदेशात गेला की त्याच्या आईवडिलांचा सत्कार. शाल, श्रीफळ, एक पुस्तक, आणि प्लास्टिकच्या डबीतलं सन्मानचिन्ह. मी जन्मभर खालच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवलेल्या. कुणी मला कधी वर बोलावलं नव्हतं. आता बोलावणार होते.

तरी मी म्हटलं, "मी आज गुपचूप घरी येते. उद्या दहाला सायकल घेऊन गेटवर उभी राहते."

"काकू, तुम्ही घरातून खाली उतरणार आणि आम्ही स्वागत करणार? साहेबांना काय सांगू, दुसऱ्या मजल्यावरून आल्या म्हणून?"

खोपटच्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, रिक्षानं जा, ताईंना भेट, संध्याकाळी इकडे परत ये. सायकल इथंच राहू दे. उद्या इथूनच निघ."

आणि त्या त्रेसष्ट वर्षांच्या पोरीनं काय उत्तर दिलं असेल? "छे! नियम मोडेल. मध्येच रिक्षात बसले तर प्रवास सलग कसा म्हणायचा?"

असं म्हणाली ती. मला आज तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

ताईला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"ठाण्यात."

"मग ये की. आमटीत पाणी घालायला सांगते."

"ताई, उद्या सकाळी दहाला येते. सत्कार ठेवलाय ना त्यांनी."

मग ती म्हणाली, "पंचवीस राहिले ना?"

"पंचवीसच."

"बरं. ये मग उद्या, सत्कारमूर्ती."

"श्वास कसा आहे?"

"आहे तिथेच आहे. आत येतो, बाहेर जातो. तुझ्यासारखा भटकत नाही."

मी हसले. तीही हसली असावी. खोकला आला, आणि मग सांभाळणाऱ्या बाईनं फोन घेऊन सांगितलं की त्यांना आता बोलवत नाहीये.

त्या दुपारी मी काय केलं हे लिहायला मला लाज वाटते, म्हणून लिहितेच. मैत्रिणीचे यजमान म्हणाले, "द्या, तुमचीही सायकल धुवून टाकतो." मी म्हटलं, "नको, धूळ राहू दे. फोटोत दिसायला हवी." केस मात्र शिकेकाईनं धुतले. म्हणजे सायकल दमलेली आणि बाई टवटवीत, असा बेत. वर ती धूळ मी राजस्थानची म्हणून जपत होते. ती सगळी घोडबंदरच्या सिमेंटची होती. मग आरशासमोर उभं राहून भाषणाचं पहिलं वाक्य पाठ केलं. ते आता आठवत नाही. देवाची दया.

रविवारी सकाळी सहाला निघाले. दहाची वेळ असताना सहाला कशाला, तर वेळेआधी पोचून नाक्यावर दबा धरायचा आणि दहाला पाच कमी असताना वळणावरून अवतरायचं. खाडीवरचा पूल मागे टाकला, मुंब्र्याच्या रस्त्यावर ट्रकांच्या धुरात खोकत पुढे गेले. शीळफाट्याला चहासाठी पाय टेकला तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. खिशातला मोबाइल काढून पाहिला तर ताईजवळच्या बाईचे सहा फोन येऊन गेलेले. सायकलवर वाऱ्यात घंटी ऐकू आलीच नव्हती. उलटा फोन लावला.

"काकू, ताईंना हॉस्पिटलात आणलंय. पहाटेपासून दम लागला. ओठ निळे झाले. सोसायटीतल्या दादांनी अँब्युलन्स बोलावली. तुम्ही या लवकर."

चहावाल्याला म्हटलं, "भाऊ, ही सायकल ठेवा." त्यानं सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता टपरीच्या खांबाला टेकवून ठेवली. मी पहिल्या रिक्षाला हात केला. अशा रीतीनं माझा सलग, अखंड, नियमानुसार केलेला सायकल प्रवास अमृतसर ते शीळफाटा असा झाला. पुढचे दहाएक किलोमीटर रिक्षा. जो नियम आदल्या दिवशी मोडवत नव्हता तो मोडायला एक सेकंदही लागला नाही. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं राहिलं, ते रिक्षावाला आरशातून पाहत होता.

आठला मी तिच्या खाटेशी होते. तोंडावर मोठा मास्क, हाताला सुई, छाती भात्यासारखी. डोळे मात्र उघडे. "ताई, आले गं," म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मास्क काढायला हात वर नेला, नर्सनं तो धरून खाली ठेवला. मग ती मास्कच्या आतच काहीतरी बोलली. प्लास्टिकवर वाफ आली आणि गेली. मी कान लावला, पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा नुसती वाफ. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्न केला नाही. जन्मभर वर्गात एकच गोष्ट दहादा समजावून सांगणारी बाई, पण मला तिसऱ्यांदा सांगायला तिच्याजवळ श्वास नव्हता.

साडेअकराच्या आधी ती गेली.

"तू जायच्या आत परत येते" हा शब्द मी पाळला, असं लोक माझी समजूत घालायला म्हणतात. गाठलंस ना, भेट झाली ना. हो, झाली. ज्या बाईशी दीड महिना रोज बोलले, तिला तेवढं बोलता न येण्याच्या वेळेला गाठलं.

अध्यक्षीणबाई हॉस्पिटलात धावत आल्या. नेसलेली पैठणी तशीच होती. माझे हात धरून रडल्या, "काकू, आमच्यामुळे झालं हो. आम्हीच थांबवलं तुम्हाला." त्या वेळी कुणीही भल्या बाईनं म्हटलं असतं, नाही हो, तुमचा काय दोष. मी म्हटलं नाही. पुढे बरेच दिवस ती बिचारी मला पाहिली की मान खाली घालायची, आणि मी घालू द्यायचे. तिनं फोनवर एकदाच सांगितलं होतं. थांबले मी. पण ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर आयतं चढलंय तर उतरवा कशाला, असा माझा स्वभाव.

तेराव्यानंतर सांभाळणारी बाई आपले कपडे न्यायला आली. तिला चहा दिला. तिनं आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

"शनिवारी तुमचा फोन झाला ना काकू, त्यानंतर ताई म्हणाल्या, मला खिडकीशी खुर्चीत बसव. मी म्हटलं, काकू उद्या येणार. तर म्हणतात, 'तिचं काही खरं नाही. लहानपणापासून एक गोष्ट धड लपवता येत नाही तिला. मला फसवायला बघतेय. संध्याकाळच्या आत येते की नाही बघ.' दाराची कडी काढून ठेवायला लावली. तुमचं ताट झाकून ठेवायला लावलं. सात वाजेपर्यंत बसल्या. मी म्हणायची, आडव्या व्हा. तर म्हणायच्या, 'गणित चुकत नाही माझं.'"

इतका वेळ बसल्यामुळे काही बिघडलं नाही, बिघडायचं ते बिघडणारच होतं, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. डॉक्टर स्वभावानं चांगले होते.

चहावाल्याकडून सायकल महिन्याभरानं आणली, टेम्पोत घालून.

आणि सत्कार? तो झाला, दोन महिन्यांनी. मी नको म्हटलं असतं तर शोभून दिसलं असतं. मी गेले. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, साहेबांच्या शेजारी उभी राहून फोटो काढला. फ्लेक्स जुनाच होता, तारखेवर पांढरा कागद चिकटवलेला. भाषण केलं नाही, एवढीच काय ती शरम. मग प्रश्नोत्तरं झाली. पहिल्या रांगेतल्या एका शाळकरी मुलीनं हात वर केला.

"आजी, सगळ्यात जास्त वेळ कुठल्या टप्प्याला लागला?"

"ठाणे ते डोंबिवली," मी म्हटलं. "एकोणीस तास."

सभागृह हसलं. सगळ्यांना वाटलं, शीळफाट्याच्या ट्रॅफिकवर म्हातारी काय बोलली! साहेबांनीही मान हलवून दाद दिली. फक्त मागच्या रांगेत बसलेल्या अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत.

मी मात्र हसले. सगळे हसत होते.